हॅमिल्टन टायगर्स : गुणतक्त्यात पहिला आलेला संघ त्यानंतर एकही सामना का खेळला नाही?

हिमरेषा

कॅनडातील ओंटारिओ प्रांतातले हॅमिल्टन हे पोलादाचे शहर. १९२० ते १९२५ अशी अवघी पाच वर्षे या शहराचा व्यावसायिक आइस हॉकी संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, खेळत होता. पहिली चारही वर्षे हॅमिल्टन टायगर्स गुणतक्त्यात तळाला राहिले. पाचव्या वर्षी, १९२४-२५ च्या हंगामात, ३० पैकी १९ सामने जिंकून आणि एक बरोबरीत सोडवून त्यांनी ३९ गुणांसह पहिला क्रमांक मिळवला. टोरंटोचा सेंट पॅट्रिक्स संघ अवघ्या एका गुणाने मागे राहिला. त्यानंतर अजिंक्यपदाचे सामने तोंडावर आले असताना खेळाडूंनी प्रत्येकी २०० डॉलर जादा मागितले आणि ते मिळेपर्यंत बर्फावर उतरणार नाही असे कळवले. लीगचे अध्यक्ष फ्रँक काल्डर यांनी सगळ्यांना निलंबित केले, प्रत्येकाला तेवढ्याच २०० डॉलरचा दंड ठोठावला, आणि पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी सगळे खेळाडू न्यूयॉर्कला विकले गेले.

हॉकीवर लिहिणारे बहुतेक जण ही हकिगत ‘संपाने बुडवलेला संघ’ अशी सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. माझ्या मते संघ बुडाला तो न्यूयॉर्कमध्ये तयार होत असलेल्या मोठ्या सभागृहामुळे आणि तिकडून आलेल्या पैशामुळे. संपाने फक्त विक्रीला सबब पुरवली. या विषयाचा अभ्यास असलेल्या किंवा त्या भागात राहणाऱ्या सदस्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. खेळाडूंची मागणी रास्त होती का, याबद्दलही आपले मत वाचायला आवडेल.

उंबरठा

विषय अगदी नवा आहे. वाचत आहे. एक प्राथमिक शंका : संघ विकला म्हणजे नेमके काय विकले? आयपीएलमध्ये शहराचे हक्क घेणारा मालक वेगळा आणि खेळाडूंचे करार वेगळे असतात. तेव्हाही तसेच होते का?

शिवालिक

उंबरठा, प्रश्न मुळावरच बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे मागून सुरू करतो.

एनएचएलची स्थापना नोव्हेंबर १९१७ मध्ये माँट्रियल येथे झाली. क्वेबेक शहराच्या संघाला तेव्हा जागा होती, परंतु तो प्रत्यक्ष खेळला तो १९१९-२० च्या एकाच हंगामात, आणि त्यातही २४ पैकी केवळ ४ सामने जिंकला. त्याच सुमारास टोरंटोचे एडी लिव्हिंगस्टन प्रतिस्पर्धी लीग उभी करण्याच्या खटपटीत होते. हॅमिल्टनसारख्या मोठ्या शहरातील रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, त्यांच्या हाती लागले असते, तर एनएचएलची मोठी पंचाईत झाली असती. म्हणून क्वेबेकचा संघ उचलून हॅमिल्टनला आणण्यात आला. तो विकत घेणारी अ‍ॅब्सोप्युअर ही कंपनी बर्फाचा व्यवसाय करणारी होती आणि तिच्या वतीने पर्सी थॉम्पसन कारभार पाहत. किंमत ५,००० डॉलर. हॅमिल्टनला संघ मिळाला तो असा लीगच्या स्वतःच्या गरजेपोटी, आणि ती गरज संपल्यावर त्याचे काय झाले, हे आपण वाचतोच आहोत.

क्वेबेककडून आलेला सर्वांत मोठा खेळाडू जो मलोन. ३१ जानेवारी १९२० रोजी त्याने एकाच सामन्यात ७ गोल केले होते, आणि तो विक्रम आजही मोडलेला नाही. हॅमिल्टनकडून पहिल्याच हंगामात त्याने २० सामन्यांत २८ गोल केले. संघ मात्र २४ पैकी ६ सामने जिंकून तळाला राहिला.

तळ्यातमळ्यात

बर्फ विकणाऱ्या कंपनीने बर्फावर खेळणारा संघ विकत घेतला, हे वाचून मनापासून हसू आले. कच्चा माल तरी घरचाच!

शिवालिक

तळ्यातमळ्यात, त्याच पहिल्या हंगामातील आणखी एक प्रसंग आपल्याला आवडेल. नव्या संघाची ताकद अगदीच तोकडी असल्याने काल्डर यांनी इतर संघांना काही खेळाडू देण्यास सांगितले, आणि टोरंटोने बेब डाय हा तरुण खेळाडू उसना दिला. २२ डिसेंबर १९२० रोजी हॅमिल्टनने आपल्या पहिल्याच सामन्यात माँट्रियल कॅनेडियन्सला ५-० असे हरवले आणि त्यांपैकी दोन गोल डायचे होते. ते पाहून टोरंटोने त्याला ताबडतोब परत बोलावून घेतले आणि त्याच्याऐवजी मिकी रोचला पाठवले. डायने त्या हंगामात एकूण ३५ गोल करून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. हॅमिल्टनच्या वाट्याला त्यातले दोनच.

करारनामा

मूळ प्रश्नाकडे येतो. मी व्यवसायाने वकील असल्यामुळे मला या प्रकरणातील कराराचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१९२४ मध्ये बॉस्टन ब्रुइन्स आणि माँट्रियल मरून्स हे दोन नवे संघ आले, लीगमध्ये सहा संघ झाले आणि प्रत्येकाचे साखळी सामने २४ वरून ३० झाले. त्याशिवाय बाद फेरीची रचनाही बदलली : दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांनी आधी आपसांत खेळायचे आणि विजेत्याने पहिल्या क्रमांकाच्या संघाशी लढायचे. खेळाडूंचे म्हणणे असे होते, की आमचे मानधन २४ सामन्यांचा हिशेब धरून ठरले, मग सहा जादा सामने आणि वर अजिंक्यपदाचे सामने आम्ही फुकट का खेळावेत? लीगचे उत्तर असे, की करार सामन्यांच्या संख्येचा नसून मुदतीचा आहे. डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत जितके सामने होतील, तितके खेळणे तुम्हांला बंधनकारक आहे.

निव्वळ कागदाच्या भाषेत पाहिले तर लीगची बाजू भक्कम होती, हे मान्य करायला हवे. परंतु मुदतीचा करार करून घ्यायचा आणि नंतर त्याच मुदतीत कामाचा बोजा पाव पटीने वाढवायचा, ही एकतर्फी अट आहे. ज्या खेळाडूला दुसऱ्या संघाकडे जाण्याची मुभाच नाही, त्याच्या सहीला ‘संमती’ म्हणणे मला जड जाते. मागणी रास्त होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

गिरणगाव

हे वाचताना १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईतील गिरणी संप आठवल्याशिवाय राहत नाही. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढे अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या आणि दोष मात्र आजही संपाच्याच माथी मारला जातो. जमिनीचा भाव किती वाढला होता, यावर कोणी फारसे बोलत नाही. हिमरेषा यांनी ‘सबब’ हा जो मुद्दा मांडला आहे, तो आमच्या पिढीला समजावून सांगावा लागत नाही.

मितभाषी

गिरणगाव, आपल्या भावनेचा आदर राखून मला असहमती नोंदवायची आहे. गिरणी कामगाराच्या मागे दुसरा आधार नव्हता. संप फसल्यावर त्याचे घर उद्ध्वस्त झाले. हॅमिल्टनचे खेळाडू मात्र पुढच्याच हंगामात न्यूयॉर्कला अधिक पगारावर खेळू लागले. संघाचा आघाडीचा खेळाडू बिली बर्च याला तीन वर्षांसाठी २५,००० डॉलरचा करार मिळाला. नुकसान झाले ते प्रेक्षकांचे, आणि त्यांना कोणीच विचारले नाही. चार वर्षे तळाला असलेल्या संघाचे सामने पाहायला जे लोक हिवाळ्याच्या रात्री बार्टन स्ट्रीटवरील रिंकमध्ये येत राहिले, त्यांना पाचव्या वर्षी अंतिम सामना पाहण्याचा हक्क होता. खेळाडूंनी आधी ते सामने खेळून मग भांडायला हवे होते, असे मला ठामपणे वाटते.

करारनामा

मितभाषी, सामने खेळून झाल्यावर त्यांच्या हातात काय उरले असते? हंगाम संपला की करार संपला आणि दबावही संपला. संघाचा कर्णधार शॉर्टी ग्रीन याने तेव्हा जाहीरपणे मांडलेली भूमिका अशी होती, की व्यावसायिक हॉकी हा आयोजकांसाठी पैसे मिळवण्याचा धंदा आहे. मग केवळ खेळाच्या प्रेमापोटी जादा सामने खेळा, असे एकट्या खेळाडूंनाच का सांगितले जाते? ही भूमिका मला आजही निरुत्तर करणारी वाटते.

रिंकरक्षक

मी अनेक वर्षे हौशी पातळीवर गोलरक्षण करतो, त्यामुळे ‘सहाच तर सामने’ असे कोणी म्हणू नये म्हणून लिहितो. आजच्या संघात २० खेळाडू सामन्याला तयार असतात आणि आघाडीचा खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून स्केटिंग करतो की लगेच बाहेर येऊन बसतो. १९२५ मध्ये एका संघाकडे जेमतेम दहा-अकरा खेळाडू असत. बर्च, शॉर्टी ग्रीन आणि त्याचा भाऊ रेड ग्रीन ही आघाडीची फळी सामन्याचा बहुतांश वेळ बर्फावरच असे. गोलरक्षक जेक फोर्ब्सच्या चेहऱ्यावर मुखवटा नव्हता, कारण तो प्रघातच पडलेला नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात पुढच्या दिशेने पक (खेळातली रबरी चकती) देण्यास तेव्हा बंदी होती, त्यामुळे पक स्वतःच्या काठीवर घेऊन बचावपटूंच्या अंगावरच जावे लागे आणि प्रत्येक चढाईत अंगाला मार बसे. आगगाडीचा लांबचा प्रवास तर त्या काळी नित्याचाच. अशा संघाला सहा सामने वाढवून देणे म्हणजे काय, ते ज्याने मांडीवर पक झेलला आहे त्याला विचारावे.

ग्रीन बंधू सडबरी या खाणींच्या गावाचे. तिथल्या वरिष्ठ हौशी संघातून ते १९२३ मध्ये हॅमिल्टनला आले आणि बर्चसोबत त्यांची फळी जमली. ५ डिसेंबर १९२४ रोजी रेड ग्रीनने टोरंटोविरुद्ध एकाच सामन्यात ५ गोल केले. त्या हंगामात लीगमधील सर्वांत मोलाच्या खेळाडूला दिला जाणारा हार्ट करंडक बर्चला मिळाला. हा संघ नशिबाने पहिला आला नव्हता.

पोलादनगर

मी हॅमिल्टनमध्ये नोकरीनिमित्त राहतो, त्यामुळे इथली बाजू सांगतो.

इथे वयस्कर माणसांशी हॉकीचा विषय काढला की टायगर्सपेक्षा त्यांच्यानंतरच्या हुलकावण्या अधिक निघतात. शहराने १९८५ मध्ये कॉप्स कोलिसियम हे मोठे सभागृह बांधले ते एनएचएलचा संघ मिळेल या आशेनेच. सप्टेंबर १९८७ मध्ये कॅनडा कप या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा निर्णायक सामना तिथेच झाला. ग्रेट्झकीने दिलेल्या पकवर लेम्यूने गोल केला आणि कॅनडाने सोव्हिएत संघाला ६-५ असे हरवले. तो गोल इथे अजूनही कालच पाहिल्यासारखा वर्णन करून सांगतात. पुढे १९९० मध्ये लीगने नवे संघ घेतले तेव्हा प्रवेश शुल्क ५ कोटी डॉलर होते. हॅमिल्टनने अर्ज केला, परंतु निवड ओटावा आणि टँपा बे यांची झाली. २००९ मध्ये ब्लॅकबेरीचे जिम बाल्सिली यांनी दिवाळखोरीत गेलेला फिनिक्सचा संघ विकत घेऊन हॅमिल्टनला आणण्याचा जोरदार प्रयत्न केला. लीगने विरोध केला आणि न्यायालयाने तो व्यवहार नाकारला.

मात्र एक आनंदाची गोष्ट सांगतो. हॅमिल्टन बुलडॉग्ज हा संघ १९९६ ते २०१५ या काळात एनएचएलखालोखालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये खेळत होता. २००७ मध्ये त्याने त्या लीगचा अजिंक्यपद करंडक जिंकला. त्या करंडकाचे नाव आहे काल्डर कप, आणि ते ज्यांच्यावरून ठेवले आहे ते काल्डर म्हणजे टायगर्सना निलंबित करणारे हेच अध्यक्ष. शहराने तो करंडक मिळवला, याचे मला फार समाधान वाटते.

उंबरठा

पोलादनगर, हे वाचून अंगावर काटा आला! पण माझा प्रश्न अजून बाकी आहे. न्यूयॉर्कला नेमके काय विकले?

शिवालिक

उंबरठा, खेळाडूंचे करार विकले. न्यूयॉर्कमध्ये टेक्स रिकार्ड मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे नवे सभागृह बांधत होते आणि तिथे हॉकीसाठी बर्फाची सोय होणार होती. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती आणि चोरट्या दारूच्या धंद्यात गब्बर झालेले ‘बिग बिल’ ड्वायर यांनी न्यूयॉर्कच्या संघात पैसा ओतला. ओटावा संघातील आपला हिस्सा सोडून टॉमी गॉर्मन त्या संघाचा कारभार पाहायला गेले. ड्वायर यांनी हॅमिल्टनच्या खेळाडूंचे करार ७५,००० डॉलरला घेतले. खेळाडूंना निलंबन उठवून घेण्यासाठी दंड भरून लेखी माफी मागावी लागली. संघाचे नाव न्यूयॉर्क अमेरिकन्स झाले आणि हॅमिल्टनची जागा रद्द झाली. त्यामुळेच एनएचएल आपल्या नोंदींत हे दोन संघ स्वतंत्र मानते. टायगर्सचा इतिहास १९२५ मध्ये संपतो आणि अमेरिकन्सचा तिथून सुरू होतो.

१५ डिसेंबर १९२५ रोजी गार्डनमध्ये पहिला एनएचएल सामना झाला. अमेरिकन्स ३-१ असे हरले, पण त्या सभागृहातील लीगचा पहिला गोल शॉर्टी ग्रीनने केला. ज्याच्या नेतृत्वाखाली संप झाला, त्याच कर्णधाराच्या गोलने न्यूयॉर्कमध्ये एनएचएलचे खाते उघडले.

मितभाषी

आणि त्या हंगामात तोच संघ ३६ पैकी फक्त १२ सामने जिंकून सात संघांत पाचवा आला. म्हणजे खेळाडू विकत घेता आले, संघ नाही.

वाटाड्या

थोडे अवांतर होईल, पण त्या वर्षीच्या स्टॅनली कपचे, म्हणजे एनएचएलचा विजेता आणि पश्चिमेकडील लीगचा विजेता यांच्यात तेव्हा लढल्या जाणाऱ्या करंडकाचे, काय झाले हे सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. हॅमिल्टन बाद झाल्यावर त्यांच्या जागी चौथ्या क्रमांकाच्या ओटावाला घ्यावे का, असाही विचार झाला होता. शेवटी माँट्रियल कॅनेडियन्स आणि टोरंटो यांच्यातील विजेत्यालाच लीगचा विजेता ठरवले गेले. कॅनेडियन्स जिंकले, पश्चिम किनाऱ्यावर व्हिक्टोरियाला गेले आणि लेस्टर पॅट्रिक यांच्या व्हिक्टोरिया कूगर्सकडून ३-१ अशी मालिका हरले. स्टॅनली कप जिंकणारा एनएचएलबाहेरचा तो शेवटचा संघ. गुणतक्त्यातील तिसऱ्या क्रमांकाऐवजी पहिल्या क्रमांकाचा संघ तिकडे गेला असता तर निकाल काय लागला असता, हा विचार मला नेहमी छळतो.

गिरणगाव

मितभाषी यांच्या आधीच्या प्रतिसादाला उत्तर देतो. या खेळाडूंना पगारवाढ मिळाली हे खरे, पण ती संघटनेमुळे मिळाली नाही, न्यूयॉर्कच्या मालकाला नावाजलेले खेळाडू हवे होते म्हणून मिळाली. १९५७ मध्ये डेट्रॉइटच्या टेड लिंडसे यांनी खेळाडूंची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्यांना शिकागोला धाडण्यात आले. टिकाऊ संघटना झाली ती १९६७ मध्ये, आणि संपूर्ण लीगमधील खेळाडूंचा पहिला संप एप्रिल १९९२ मध्ये. १९२५ च्या दहा-अकरा जणांच्या मागे असे काहीच नव्हते. इतर पाच संघांतील खेळाडूंनीही सहा जादा सामने खेळलेच होते. ते यांच्या पाठीशी उभे राहिले असते तर काल्डर यांना एकाही संघाला निलंबित करता आले नसते.

मितभाषी

हा मुद्दा बिनतोड आहे. तरीही हॅमिल्टनच्या प्रेक्षकांविषयीचे माझे म्हणणे कायम आहे.

हिमरेषा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतकी चांगली चर्चा होईल, असे वाटले नव्हते. आता माझा मूळ मुद्दा आपण दिलेल्या आकड्यांवरूनच मांडतो.

खेळाडू अकरा धरले तरी प्रत्येकी २०० डॉलरप्रमाणे एकूण मागणी २,२०० डॉलरची होते. नव्या संघांच्या येण्याने आणि पहिल्या क्रमांकाने त्या वर्षी हॅमिल्टनचा गल्ला चांगला भरला होता, म्हणजे ही रक्कम मालकाला न झेपणारी नव्हती. पाच हजारांत घेतलेल्या संघाचे पंच्याहत्तर हजार मिळत असतील, तर कोणता मालक बार्टन स्ट्रीटवरील लहान रिंकची तिकिटे विकत बसेल? शिवाय हे गिऱ्हाईक संप झाल्यामुळे उगवले नाही. माँट्रियलचे टॉम डुगन यांनी अमेरिकेतील शहरांसाठी लीगकडून हक्क आधीच घेऊन ठेवले होते. त्यांतूनच १९२४ मध्ये बॉस्टन आले आणि पुढची पाळी न्यूयॉर्कचीच होती. त्या सभागृहाला तयार खेळाडू कुठून तरी आणावेच लागणार होते. लहान बाजारपेठ, सर्वांत चांगले खेळाडू आणि न्यूयॉर्क राज्यातल्याच याँकर्समध्ये जन्मलेला बर्च, हे सगळे एकाच ठिकाणी मिळत होते.

करारनामा

हिमरेषा, हिशेब पटला. एकच भर घालतो. संप झाला नसता तर मालकाला हे करार विकण्यापूर्वी शहराची नाराजी पत्करावी लागली असती आणि लीगलाही आपल्या अव्वल संघाची जागा रद्द करताना कारण द्यावे लागले असते. निलंबित खेळाडूंच्या बाबतीत ती अडचण उरली नाही. त्यामुळे संपाने संघ बुडवला नाही, तरी तो बुडायला लागला असता त्यापेक्षा दोन-तीन वर्षे लवकर बुडाला, एवढे मी म्हणेन.

पोलादनगर

आणि त्या दोन-तीन वर्षांत हॅमिल्टनला मोठे रिंक बांधता आले असते, तर? टोरंटोने १९३१ मध्ये, मंदीच्या ऐन काळात, मेपल लीफ गार्डन्स बांधून दाखवलेच ना. म्हणून मी अजूनही थॉम्पसन यांनाच अधिक जबाबदार धरतो. शॉर्टी ग्रीनला १९६२ मध्ये आणि बर्चला १९७४ मध्ये हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. मालकांना २,२०० डॉलर देऊन ही माणसे या शहरात ठेवता आली असती.